सोसायटीच्या सरकत्या गेटचे फोटोसेल: कामाच्या नोंदी

जागा: पुणे, आंबेगाव बुद्रुकमधली एक सोसायटी. गेट लोखंडी, सरकतं, मोकळी रुंदी ६ मीटर, वजन अंदाजे ४०० किलो. खालच्या भागाला स्टीलचा चकचकीत पत्रा, वर उभे गज. मोटर २३० व्होल्टची, गेटला लावलेल्या दातेरी पट्टीवर (रॅकवर) चालणारी, पूर्वेच्या खांबामागे. उघडताना गेट पूर्वेला, कंपाउंडच्या भिंतीमागे सरकतं.

३ मार्च २०२५, सोमवार

शनिवारी संध्याकाळी गेट बंद होता होता एका डिलिव्हरीवाल्याच्या स्कूटरवर आलं. पोरगा आत शिरताना मध्येच थांबला होता, मोबाइलमध्ये फ्लॅट नंबर बघत. मागच्या चाकाला धक्का बसला, स्कूटर आडवी, कोपर सोलपटलं. थोडक्यात निभावलं. सेक्रेटरी मॅडमचा पहिलाच प्रश्न: "अहो, गेटला सेन्सर आहेत ना? मग लागलं कसं?"

सेन्सर आहेत. फोटोसेल, म्हणजे मधला किरण तुटला की कार्डाला कळवणारे डोळे. एक जोडी, जमिनीपासून साधारण ५५ सेंमीवर. पश्चिमेच्या खांबावर ट्रान्समीटर, पूर्वेच्या खांबावर रिसीव्हर. दोन्हीकडे सप्लाय आहे. मध्ये हात धरला की रिसीव्हरचा दिवा विझतो, आतल्या रिलेचा (छोट्या विजेच्या स्विचचा) टक् आवाजही येतो. आणि गेट खुशाल बंद होत राहतं.

मोटरचं झाकण काढलं तेव्हा उलगडा झाला. कार्डावर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) फोटोसेलच्या आणि कॉमनच्या टर्मिनलमध्ये बोटभर लाल वायर, म्हणजे जंपर, दोन्ही टोकं दातांनी सोललेली. रिसीव्हरकडून आलेल्या वायरी काढून, टेप गुंडाळून मागे खोचून ठेवलेल्या. म्हणजे कार्डाला कायम एकच निरोप: समोर कोणी नाही, रस्ता मोकळा. मोटरचा फोर्सही शेवटपर्यंत चढवलेला.

वॉचमन मामा म्हणाले, "दसऱ्याच्या टायमाला संध्याकाळचं गेट बंदच होईना. तेव्हाचा मेंटेनन्सवाला आला, काहीतरी करून गेला. तेव्हापासून झ्याक चालतंय."

हा जंपर कंपनीच्या पुस्तकातच दिलेला असतो, पण फोटोसेल नसलेल्या गेटसाठी. फोटोसेल त्रास देतो म्हणून तोच जंपर मारणारे लोक मी इतके पाहिलेत की आता कुठल्याही जुन्या गेटवर गेलो की आधी कार्ड उघडतो, लेन्स पुसायचं नंतर बघतो.

जंपर काढला, वायरी जागेवर लावल्या, फोर्स उतरवला. भर दुपारी गेट अगदी शहाण्यासारखं वागलं, हात मध्ये आला की थांबून परत उघडत होतं. मग दसऱ्याला काय बिघडलं होतं? सेलमध्ये तर दोष दिसत नाही.

५ मार्च, बुधवार

काल संध्याकाळी मॅडमचा फोन: गेट बंद होत नाहीये. आज मुद्दाम साडेपाचलाच जाऊन रिसीव्हरसमोर बसलो. सहापर्यंत दिवा पक्का. मग थरथरायला लागला आणि पाचेक मिनिटांत विझला. ट्रान्समीटर चालू, मध्ये कोणी नाही, लेन्स स्वच्छ.

मामांची छत्री मागून घेतली आणि रिसीव्हरवर सावली पडेल अशी, पण किरणाच्या वाटेत येणार नाही अशी तिरपी धरली. दिवा लागला. छत्री बाजूला केली, विझला. परत धरली, लागला. दोन-तीन रहिवासी बघत उभे राहिले. त्यांना दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही.

फोटोसेलचा किरण इन्फ्रारेड असतो आणि ट्रान्समीटर तो सलग न सोडता ठरावीक वेगाने उघडझाप करत सोडतो. रिसीव्हर फक्त ती उघडझाप ओळखतो, म्हणून एरवीच्या उजेडाने तो फसत नाही. पण मावळतीचा सूर्य थेट लेन्समध्ये उतरला तर आतला डायोड उजेडाने इतका भरून जातो की त्यात ट्रान्समीटरची बारीकशी उघडझाप हरवते. रिसीव्हरच्या लेखी किरण तुटला. इथे रिसीव्हर पश्चिमेकडे तोंड करून आहे. कंपास धरला तर किरणाची रेषा २६२ अंश, म्हणजे बरोबर पश्चिमेच्या जरा डावीकडे. सूर्याची जागा दाखवणाऱ्या ॲपवर पाहिलं: सूर्य खाली आलेला असताना नेमका या रेषेत येतो तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. गेल्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता. मामांचं कॅलेंडर चोख निघालं.

मग मुळात रिसीव्हर पूर्वेला का लावला? वायर वाचवायला. ट्रान्समीटरला दोनच वायरी लागतात, सप्लायच्या. रिसीव्हरला सप्लायच्या दोन आणि कॉन्टॅक्टच्या दोन. मोटर पूर्वेला, म्हणून जास्त वायरींचा नग मोटरजवळ आणि रस्त्यापलीकडे फक्त टू-कोर. त्या वाचलेल्या दोन तारांपायी पुढे वर्षातून दोनदा गेट अडणार, आणि अडलं की कोणीतरी जंपर मारणार, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

लेन्सला टोपी किंवा नळी लावून भागणार नाही. सूर्यच किरणाच्या रेषेत आहे, बाजूला नाही. तोवर संध्याकाळी सहा ते पावणेसात ऑटो-क्लोज बंद, गेट उघडं, मामा खुर्ची टाकून बसणार.

७ मार्च, शुक्रवार

कमिटीपुढे खर्च मांडला. पहिला आग्रह अपेक्षित तोच: "रिफ्लेक्टरवाला घ्या, समोर नुसती चकती लावायची, रस्ता खोदायला नको." खोदाई वाचते, कबूल. पण त्यात किरण जाऊन परत येतो, धुळीने त्याची ताकद दोनदा मरते. चकचकीत गाडीचा दरवाजाही आरशासारखं वागून त्याला फसवू शकतो, त्यावर पोलराइज्ड फिल्टरचा नग हा उपाय आहे. मूळ अडचण मात्र सुटत नाही: बघणारा डोळा पूर्वेच्याच खांबावर राहतो, पश्चिमेकडे तोंड करून. बॅटरीवरच्या वायरलेस ट्रान्समीटरचंही तेच. शिवाय त्याचा सप्लाय कार्डाच्या हातात नसतो, आणि मला तो कार्डाच्या हातातच हवा आहे.

म्हणून रस्ता खोदायचा आणि दोन्ही रिसीव्हर पश्चिमेच्या खांबावर, पूर्वेकडे तोंड करून बसवायचे. पूर्वेला शेजारची इमारत अगदी लागून आहे, सकाळचं कोवळं ऊन तिच्यामागे अडतं.

दोन्ही रिसीव्हर, कारण जोड्या दोन लावायच्या. कारण टँकर. मार्चपासून इथे रोज पाण्याचे टँकर येतात. मीटिंग चालू असतानाच एक आला, तसा टेप घेऊन खाली गेलो. पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्या मध्ये, ५५ सेंमी उंचीवर, काहीही नाही. आरपार दिसतं. चॅसिसची पट्टी साधारण ७५ सेंमीपासून १ मीटरपर्यंत. म्हणजे टँकर गेटमध्ये उभा असताना खालचा किरण मोकळा. त्यात कार्डावर "गाडी गेली की लगेच बंद" ही सोय चालू करून ठेवलेली: किरण तुटून पुन्हा जुळला की गेट निघालंच, सरळ टँकरच्या पोटाकडे. ती सोय आज बंद केली, ऑटो-क्लोज ३० सेकंद ठेवला. नवीन उंची ४५ आणि ९० सेंमी. खालचा पोरं, सायकली, छोटा हत्ती यांच्यासाठी, वरचा टँकर आणि ट्रकसाठी.

कमिटीतले एक काका मुलाकडे अमेरिकेत राहून आलेत. त्यांनी विचारलं, तिथे सेन्सर पार जमिनीलगत असतात, इथे इतके वर का? ते गॅरेजचं दार, वरून खाली येणारं. लहान मुलं त्याखाली सापडून दगावल्यावर तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरला अशी बाहेरची सुरक्षा सक्तीची झाली. तो डोळा जमिनीपासून ६ इंचांच्या वर चालत नाही, कारण खाली पडलेलं मूलही दिसलं पाहिजे. आपलं गेट आडवं येतं. १५ सेंमीवर लावला तर पहिल्या पावसात चिखलाने लेन्स भरेल आणि महिनाभरात पुन्हा कोणीतरी जंपर शोधेल.

एक पेच होता. दोन जोड्या शेजारी असल्या की एकीचा किरण दुसरीच्या रिसीव्हरमध्ये शिरतो. ६ मीटरवर ४५ सेंमीचं अंतर म्हणजे जेमतेम चार अंश, किरण त्याहून जास्त पसरतो. नेहमीचा तोडगा म्हणजे जोड्या उलटसुलट लावणे, एकीचा रिसीव्हर इकडे, दुसरीचा तिकडे. इथे तसं केलं तर एक रिसीव्हर परत मावळतीकडे. म्हणून ज्यांच्यात चॅनल निवडता येतो असे कोडवाले सेल घ्यायचे. तपकीर गल्लीत मिळाले, साध्यापेक्षा महाग. मॅडमनी बिल बघून भुवई उंचावली, पण सही केली.

१२ मार्च, बुधवार

खोदाई. रस्त्याला गट्टू आहेत, डांबर नाही, हे नशीब. गेटच्या ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूने गट्टू उचलले, ४५ सेंमी खोल चर, २५ मिमीचा जाड पाइप, खांबाकडे किंचित उतार ठेवून म्हणजे पाणी मध्ये साचणार नाही. जुना पाइप सापडला: सांध्यात सोल्युशनच नाही, आत गाळ आणि पाणी, मधोमध टेप मारलेला जोड. जमिनीखाली जोड म्हणजे पुढच्याच्या नावे लिहून ठेवलेली तक्रार.

केबल ८ कोर, ०.५ स्क्वेअर मिमी, अखंड. लागणार पाच: सप्लायच्या दोन, एक कॉमन, दोन रिसीव्हरच्या दोन एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला कॉन्टॅक्ट). उरलेल्या तीन स्पेअर. कोणी म्हणेल इतक्या बारीक तारेत व्होल्टेज पडेल. १५ मीटरच्या जाण्यायेण्याचा रोध साधारण १ ओहम, दोन रिसीव्हर मिळून ओढतात शंभरेक मिलिअँपिअरच्या आत. पडलं तर ०.१ व्होल्ट पडेल. फोटोसेल बारीक वायरीमुळे मरत नाहीत, सांध्यांमुळे मरतात. मोटरची २३० व्होल्टची लाइन वेगळ्या पाइपात आहे, ती तशीच वेगळी ठेवली.

दुपारी टँकर आलाच. चरावर लोखंडी पत्रा टाकून सोडला. उद्या होळी, म्हणून आजच गट्टू परत बसवून घेतले, नाहीतर पोरांनी चरातच होळी पेटवली असती.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी खांब अजून गुलाबी. आधी पाण्याने धुवून घेतले, मगच ड्रिल.

खांबावर ग्रॅनाइट चिकटवलेलं आणि मागे पोकळ. ठोकून भरीव जागा शोधली, लांब अँकर सिमेंटपर्यंत नेले. सेल नुसत्या ग्रॅनाइटवर धरला आणि कोणाच्या बॅगेचा धक्का लागला तर अंशभर हलतो, तेवढंही पुरतं. उंची तयार रस्त्यापासून मोजली, लाइनदोरी ताणून चारही नग ओळीत, गेटच्या पत्र्यापासून १० सेंमी बाहेर. केबलची एंट्री खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून), आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली झोळ, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकून जातं.

आता वायरिंग, आणि इथेच बहुतेक जण छापील अक्षरांवर विश्वास ठेवतात. रिसीव्हरवर कॉमन, एनओ (नॉर्मली ओपन, एरवी उघडा), एनसी लिहिलेलं असतं. पण काही नगांवर एनसी म्हणजे रिले झोपलेला असताना जोडलेला कॉन्टॅक्ट, तर काहींवर सप्लाय चालू आणि किरण जुळलेला असताना जोडलेला. दोन्ही उलट. म्हणून मी मीटर बीपवर ठेवून कॉन्टॅक्टलाच विचारतो. सप्लाय चालू, किरण जुळलेला: बीप वाजला पाहिजे. मध्ये हात: बीप बंद. आणि आता तिसरं, जे कोणी करत नाही: हात काढा आणि रिसीव्हरचा सप्लाय तोडा. बीप बंदच राहिला पाहिजे. सप्लाय तोडल्यावर बीप वाजला, तर तुम्ही चुकीच्या टर्मिनलवर आहात. तसं जोडलं तर सेल मेला, वायर तुटली, उंदराने कुरतडली, की कार्डाला वाटेल सगळं आलबेल. आजच्या नगांवर बरोबर टर्मिनल निघालं ते छापील एनओ. हेल्पर म्हणाला, "पण पुस्तकात तर एनसी सांगितलंय." मीटर त्याच्या हातात दिला आणि तिन्ही गोष्टी त्यालाच करायला लावल्या.

तारांच्या टोकांना फेरूल (धातूची छोटी नळी), टर्मिनल बॉक्समध्ये प्रत्येक कोअरला नंबर. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगांचा तक्ता मार्करने लिहून ठेवला.

१६ मार्च, रविवार

कार्डाचं काम. आजचा दिवस या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बऱ्याच कार्डांत फोटो-टेस्टची सोय असते आणि बऱ्याच साइटवर ती बंद असते, कारण कारखान्यातूनच बंद येते. त्यात ट्रान्समीटरचा सप्लाय नेहमीच्या २४ व्होल्टवरून न घेता कार्डाच्या टेस्ट आउटपुटवरून घ्यायचा. रिसीव्हरचा सप्लाय कायमचा. गेट बंद करायचा हुकूम आला की कार्ड क्षणभर ट्रान्समीटर मुद्दाम विझवतं आणि बघतं: रिसीव्हरचा कॉन्टॅक्ट उघडला का? उघडला तर सेल जिवंत, मग ट्रान्समीटर परत चालू आणि गेट निघतं. नाही उघडला, म्हणजे रिले चिकटलाय किंवा कोणी जंपर मारलाय. गेट जागचं हलत नाही. जंपर मारून गेट चालवायची वाटच बंद. संध्याकाळच्या उन्हापेक्षा मला हे जास्त हवं होतं.

दोन जोड्या असताना यात एक खोच आहे. सगळीकडे दोन रिसीव्हर सिरीजमध्ये जोडतात: कार्डाच्या कॉमनवरून पहिल्यात, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून फोटो टर्मिनलला. (पॅरलल जोडणारेही भेटतात. त्यात एक किरण तुटला तरी दुसऱ्याचा कॉन्टॅक्ट जोडलेलाच, म्हणजे दोन्ही एकदम तुटल्याशिवाय कार्डाला कळतच नाही.) माणूस अडवायला सिरीज ठीक. पण टेस्टमध्ये दोन्ही ट्रान्समीटर एकदम विझतात आणि साखळीतला एक कॉन्टॅक्ट उघडला तरी साखळी तुटते. वरच्याचा रिले चिकटलेला असला तरी खालचा उघडतो, टेस्ट पास. चिकटलेला तसाच लपून राहतो. म्हणून दोन रिसीव्हर कार्डाच्या दोन वेगळ्या फोटो इनपुटवर घेतले, दोन्हींवर टेस्ट चालू, दोन्ही बंद होताना परत उघडण्यासाठी लावले. कालची पाचवी कोअर यासाठीच.

मग चाचणी. प्रत्येक ट्रान्समीटर आळीपाळीने झाकला आणि त्याचाच रिसीव्हर पडतो का पाहिलं. चॅनल वेगळे असल्याने एकाचा उजेड दुसऱ्याला चालत नाही. युरोपच्या नियमांत चाचणीसाठी ७०० बाय ३०० बाय २०० मिमीचा ठोकळा सांगितलाय, तीन बाजू काळ्या, तीन चमकदार. प्लायचा तसाच बनवून घेतलाय, काळा रंग आणि फॉइल लावून. ठोकळ्याने दोन्ही जोड्या पास.

पण मोकळ्या हाताने खालची जोडी एका ठिकाणी नापास. गेट अर्धं बंद, मी मध्यावर तळहात किरणात धरलेला, आणि रिसीव्हरचा दिवा चालूच. बोटं पसरली, मूठ केली, तरी चालूच. हात थोडा गेटच्या पत्र्याकडे नेला तेव्हा विझला. पत्रा आरशाचं काम करत होता: किरणाचा पसरलेला भाग पत्र्यावर तिरपा आपटून हाताला वळसा घालून रिसीव्हरमध्ये पोचत होता. गेट पूर्ण उघडं असताना पत्राच तिथे नसतो, त्यामुळे खांबाशी उभं राहून केलेल्या चाचणीत हे कधी दिसत नाही. पत्र्यावर त्या उंचीला खडबडीत काळी रबराची पट्टी आडवी चिकटवली, उठावदार दातऱ्यांची. परत हात धरला, दिवा विझला, गेट उलटं फिरलं. गेटच्या चार-पाच वेगवेगळ्या जागांवर करून पाहिलं.

फोर्सचं सांगायचं तर, ईएन १२४५३ मध्ये (गेटच्या सुरक्षेच्या युरोपी मानकात) फोटोसेल हा डी प्रकार. तो धक्का लागण्याची शक्यता कमी करतो, धक्क्याचा जोर नाही. जोरासाठी वेगळी मर्यादा: गेट आणि खांबातली फट अर्ध्या मीटरच्या आत आली की ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोचा दाब. माझ्याकडे फोर्स मोजायचं यंत्र नाही, म्हणून ते नियमात बसतं असं मी बिलावर लिहिलेलं नाही. गेट सुरळीत चालेल इतक्याच जोरावर ठेवलं, ट्रॅक झाडला, चाकांना ग्रीस. जड चालणाऱ्या गेटचा फोर्स कोणीतरी वाढवतोच.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी नऊला फोन, गेट उघडं पडलंय. कोणीतरी दोन्ही खांबांना झेंडूचे हार बांधले होते आणि पश्चिमेच्या हाराचं शेपूट वाऱ्यावर वरच्या लेन्ससमोर डुलत होतं. फोनवरच सांगितलं, हार वीतभर वर बांधा. चाललं.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी पावणेसातला हजर. रिसीव्हर आता पूर्वेकडे बघतात, त्या रेषेत उगवतीचा सूर्य एप्रिलच्या मध्याला आणि परत ऑगस्टच्या शेवटी येतो. शेजारच्या इमारतीची सावली साडेआठपर्यंत खांबावर. त्यानंतर ऊन आलं तेव्हा सूर्य बराच वर, टोपीच्या आत शिरत नाही. दोन्ही दिवे पक्के. मामांनी चहा पाजला आणि विचारलं, आता दसऱ्याला काय? काही नाही, म्हटलं, तुमचं गेट आता मावळतीकडे पाठ करून बसलंय.

२८ मे, बुधवार

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच धो धो, आणि मान्सूनही महिना संपायच्या आतच पुण्यात. काल रात्री अकराला फोन. एजन्सी बदलली, मामा गेले, नवीन वॉचमन. गेट बंद होईना म्हणून त्याने कोणा ओळखीच्याला विचारलं, त्याने फोनवर सांगितलं, "दोन टर्मिनलमध्ये वायर टाक." टाकली. तरी गेट बंद व्हायचं नावच घेईना, कार्डाचा दिवा नुसता लुकलुकतोय. मोटरचं डोकं उडालं असं त्याचं म्हणणं. कार्ड आपलं काम चोख करत होतं. वायर काढून ठेवायला सांगितली, रात्रभर गेट क्लच सोडून हाताने.

सकाळी बॉक्स उघडला तर अर्धा इंच पाणी. मध्यंतरी कॅमेरेवाले येऊन गेले, त्यांनी स्वतःचा पाइप न टाकता आमच्या बॉक्सला वरून भोक पाडून त्यातून वायर घेतली, आणि भोक उघडंच. वरच्या रिसीव्हरच्या सप्लायचं टर्मिनल हिरवं पडून गेलेलं. रिले पडला, गेट उघडं राहिलं; जसं व्हायला हवं तसंच. टर्मिनल पट्टी बदलली, भोक बुजवलं, कॅमेऱ्याची वायर खालून ग्लँड लावून घेतली, बॉक्सच्या तळाला पाणी जायला बारीक छिद्र. जंपरच्या तुकड्यासकट फोटो काढून मॅडमना पाठवला.

मोटरच्या झाकणाला आता कुलूप. किल्ली ऑफिसात.

१४ जून, शनिवार

गेट उघडं राहतं म्हणून बोलावलं. खालच्या ट्रान्समीटरच्या टोपीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. गोल, सुबक, तोंड अजून बुजवलेलं नव्हतं, आत अर्धमेल्या अळ्या भरून ठेवलेल्या. बरोबर लेन्सवर. ब्रशने काढलं, लेन्स ओल्या सुती कापडाने पुसली. थिनर लावायचा नाही, प्लास्टिक पांढुरकं होतं. नवीन वॉचमनला दाखवून ठेवलं की दर पंधरवड्याला टोपीत डोकवायचं. तो गावाकडचा, त्याला माशीचं नाव माझ्याआधी माहीत होतं.

राहिलेलं काम: गेटच्या पुढच्या कडेला रबरी सेफ्टी एज (दाबली गेली की कार्डाला कळवणारी पट्टी), ८.२ किलोओहम रेझिस्टरवाली. त्यासाठी चालत्या गेटवर वायर न्यायला स्प्रिंग केबल लागेल, दर मागवलाय. वरच्या गजांना बारीक जाळी, कारण उघडताना गज खांबामागे जातात आणि तिथे फोटोसेल काही बघत नाही. गजातून हात घालून वॉचमनला हाक मारणारे रोज दिसतात. जाळीला कमिटी तयार आहे, एजचा विषय पुढच्या मीटिंगला. पूर्वेच्या टोकाला गेट पूर्ण उघडल्यावर भिंतीपर्यंत ३० सेंमीच उरतात, तिथे अर्धा मीटर तरी हवा. लिमिटचा मॅग्नेट (गेट कुठे थांबायचं ते ठरवणारा) २० सेंमी अलीकडे घेतला, मोकळी रुंदी तेवढी कमी झाली. टँकरवाल्याने आरसे मिटून गाडी काढून दाखवली, बसते.